खाटेशेजारचं माणूस
(जबलपूर येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृतिव्याख्यानाला बोलावणं आलं की वक्त्याने काहीतरी मोठा विषय घ्यावा अशी अपेक्षा असते. मी डॉक्टर आहे, माझं बहुतेक आयुष्य वॉर्डात गेलं, म्हणून विषयही वॉर्डातलाच आणला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला आपण उपचारांसाठी रुग्णालयात नेतो, तेव्हा तिथे त्याचं काय होतं, यावर मला बोलायचं आहे.

या शहरातल्या घरांतून एक वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे : "हॉस्पिटलात नेलं आणि तिथपासून सगळं बिघडलं." बाबा स्वतःच्या पायांनी ऑटोत बसून गेले होते. छातीत कफ झाला होता, एवढंच. आठवड्याने कफ गेला, एक्स-रे स्वच्छ आला, डिस्चार्जच्या कागदावर 'प्रकृती समाधानकारक' असं लिहिलं गेलं आणि बाबा स्ट्रेचरवरून घरी आले. आता ते उभे राहत नाहीत, सुनेला ओळखत नाहीत, घास तोंडात धरून बसतात. कोणी म्हणतं, आजारच वाढला. कोणी म्हणतं, डॉक्टरांनी काहीतरी चुकीचं केलं. पुष्कळदा दोन्ही समज अपुरे असतात. न्यूमोनियाचे उपचार अगदी बरोबर झालेले असतात. घात केलेला असतो तो रुग्णालयाच्या रोजच्या रिवाजाने : रात्रभरचे दिवे, नळ्या, अनोळखी हात, गुंगीची इंजेक्शनं, हाताला बांधलेल्या पट्ट्या, आणि घरच्या माणसाला दाराबाहेर ठेवण्याची पद्धत.

माझं म्हणणं असं आहे, की या रुग्णासाठी रुग्णालय ही स्वतःच एक जोखीम आहे. आणि ती कमी करणारी सर्वांत मोठी गोष्ट आपल्या देशात खाटेशेजारी आधीपासून हजर असते. ती म्हणजे घरचं माणूस. आपण त्या माणसाला औषधं आणायला आणि बिल भरायला पळवतो.

जबलपुरात हा विषय काढायला कारण आहे. आपली मराठी कुटुंबं इथे आली ती वेगवेगळ्या लाटांनी. काही नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या काळात, जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात असताना, नोकरी-वकिलीच्या निमित्ताने काही आली. रेल्वेने काहींना आणलं, १९०४ पासूनच्या गन कॅरेज फॅक्टरीने आणि नंतरच्या खमरियाच्या कारखान्याने काहींना, १९५६ नंतर उच्च न्यायालयाने काहींना. राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार इथली ती भरलेली घरं आपण पाहिली आहेत. आज त्यांतल्या कितीतरी घरांत दोनच माणसं राहतात, दोघंही पंच्याहत्तरीच्या पुढची. मुलं पुण्यात, बंगळुरात, नाहीतर अमेरिकेत. दोघांपैकी एकाला विसर पडायला लागला की दुसरा त्याची स्मरणशक्ती होतो, आणि शेजाऱ्यांना वर्ष-दोन वर्षं पत्ताही लागत नाही. पत्ता लागतो तो रात्री दोन वाजता न्हाणीघरात पडल्यावर.

देशभरातल्या ज्येष्ठांच्या एका मोठ्या पाहणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. बहुतेकांच्या कागदावर ते निदान कधी आलेलंच नसतं. लंडनच्या एका रुग्णालयात सत्तरीपुढच्या, अचानक भरती झालेल्या रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या ४२ टक्क्यांना स्मृतिभ्रंश असल्याचं आढळलं, आणि त्यांतल्या निम्म्या लोकांचंच निदान आधी झालेलं होतं. तो अभ्यास २००९ मध्ये छापून आला. तिथे ही गत, तर आपल्या कॅज्युअल्टीत काय असेल याची कल्पना करा. केसपेपरवर रक्तदाब असतो, साखर असते, 'पडल्याचा इतिहास' असतो. ज्या गोष्टीमुळे पुढचे सगळे उपचार बदलायला हवेत, तीच तिथे नसते. घरचे सांगत नाहीत, कारण त्यांना ते लाजिरवाणं वाटतं किंवा वयाचा भाग वाटतो. आणि डॉक्टर विचारत नाहीत.

या आजाराच्या इतिहासात एक बाई आहे. ऑगुस्टे डेटर तिचं नाव. २५ नोव्हेंबर १९०१ ला, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, ती फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली आणि तिथे आलोइस अल्झायमर या डॉक्टराने तिला तपासलं. पुढे तिच्या मेंदूत त्याने जे पाहिलं, त्यावरून या आजाराला त्याचं नाव मिळालं. वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ही गोष्ट माहीत असते. ती गेली कशाने, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती गेली ती पाठीला झालेल्या शय्याव्रणांचा जंतुसंसर्ग रक्तात भिनल्यामुळे. अल्झायमरचा पहिला नोंदलेला रुग्ण रुग्णालयातल्या खाटेवर, खाटेनेच केलेल्या जखमांनी दगावला. तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. आज आहेत. जखमा मात्र आजही होतात, आणि त्या कुठून होतात हे समजण्यासाठी पहिली रात्र पाहावी लागते.

मी जे सांगते आहे ती कोणा एकाची हकिकत नाही. वर्षानुवर्षं वॉर्डात पाहिलेल्या अनेकांना एकत्र करून मी एक आजोबा उभे करते. कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. घरी त्यांचं बरं चालतं. सकाळी चहा, देवपूजा, गच्चीवर फेरी. वार सांगता येत नाही, पण संडास कुठे, आपली खुर्ची कुठली, हे पायांना पाठ आहे. मे महिना, पारा बेचाळीसच्या वर. पाणी कमी पडलं, रक्तदाबाची गोळी चालूच होती, रक्तातलं सोडियम उतरलं. दुपारी ते अडखळत बोलू लागले. मुलगा पुण्यात, शेजारच्याने गाडी काढली, कॅज्युअल्टीत आणलं.

तिथे स्ट्रेचरवर दोन तास. चष्मा काढून पिशवीत, कानातलं यंत्र काढून पिशवीत, कवळी काढून कागदात गुंडाळून पिशवीत. पिशवी नातेवाइकाकडे, आणि नातेवाईक बाहेर. आता आजोबांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, बोललेलं तोंडातून स्पष्ट बाहेर पडत नाही. सिस्टर दुरून विचारते, "दादाजी, नाम बताइए." उत्तर येत नाही. कागदावर लिहिलं जातं : 'प्रतिसाद देत नाही.' सलाईन लागतं. लघवीला कोण नेणार, म्हणून कॅथेटर बसतो. रात्री आयसीयूत खाट मिळते. दिवे विझत नाहीत, मॉनिटरचा आवाज थांबत नाही, शेजारी कोणीतरी कण्हत असतं. साडेतीनला आजोबा उठून बसतात. त्यांना वाटतं, पहिल्या पाळीला उशीर झाला, भोंगा होऊन गेला. पाय खाली टाकायला जातात तर नळी ओढली जाते, दुखतं, ते ओरडतात. दोन वॉर्डबॉय येतात. आजोबांच्या दृष्टीने ती त्यांना धरायला आलेली अनोळखी माणसं आहेत. ते हात उगारतात. इंजेक्शन दिलं जातं, दोन्ही मनगटं खाटेच्या कठड्याला बांधली जातात.

सकाळी राउंडला सांगितलं जातं : "पेशंट व्हायोलंट था."

या अवस्थेला वैद्यकात डेलिरियम म्हणतात. आपल्याकडे जुनी माणसं म्हणत, "वात झालाय." वातात माणूस बडबडतो, कपडे ओढतो, नसलेली माणसं पाहतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. त्यांना हेही ठाऊक होतं की अशा वेळी माणसाला एकटं टाकायचं नसतं. डेलिरियम म्हणजे स्मृतिभ्रंश वाढणं नव्हे. तो काही तासांत येतो, दिवसातून कमीजास्त होतो, आणि त्यामागे बहुधा शोधता येण्याजोगं कारण असतं : सोडियम, ताप, तुंबलेली लघवी, साफ न झालेलं पोट, दुखणं, एखादं औषध, अपुरी झोप. ज्याच्या मेंदूला आधीच स्मृतिभ्रंशाने पोखरलं आहे, त्याला तो सगळ्यांत लवकर होतो. कारण दुरुस्त केलं तर तो ओसरतो. लांबला तर मूळ आजारालाही पुढे ढकलतो, आणि माणूस घरी येतो तो काही पायऱ्या खाली उतरूनच.

त्याचा एक शांत प्रकारही आहे, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. यात रुग्ण आरडाओरडा करत नाही. नुसता पडून राहतो, डोळे मिटून, विचारलं तर एखादा शब्द. वॉर्डाला तो फार सोयीचा असतो. "आजी छान झोपल्या आहेत," असं सांगितलं जातं. त्या झोपलेल्या नसतात. दोन वेळचं जेवण ताटात तसंच परत गेलेलं असतं आणि कूस बदललेली नसते. शय्याव्रण इथे सुरू होतात.

औषधांबद्दल थोडं बोलते, कारण इथे बसलेल्या प्रत्येकाला ते उपयोगी पडेल. पुरळ किंवा खाज आली की आपल्याकडे सहज टोचलं जाणारं एव्हिलचं इंजेक्शन, ओकारीसाठी किंवा झोपेसाठी दिलं जाणारं फेनरगन, पोटदुखीची डायसायक्लोमिनची गोळी, ही तरुण माणसाला सहसा निरुपद्रवी असतात. स्मृतिभ्रंश झालेल्याच्या मेंदूत ज्या रसायनाची आधीच टंचाई असते, त्याचंच काम ती अडवतात, आणि गोंधळ वाढतो. लोराझेपामसारखी झोपेची औषधं गोंधळ वाढवतात आणि पाडतात. रुग्णाला आवरण्यासाठी दिली जाणारी हॅलोपेरिडॉलच्या जातीची औषधं कधी लागतातही, पण कमीत कमी मात्रेत आणि थोडेच दिवस. स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत या औषधांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये नव्या औषधांवर आणि २००८ मध्ये जुन्यांवरही छापायला लावला. ल्युई बॉडी नावाच्या स्मृतिभ्रंशात तर हॅलोपेरिडॉलने माणूस लाकडासारखा ताठरतो, जिवावर बेततं. म्हणून घरच्यांनी विचारायला संकोच करू नये : हे इंजेक्शन कशासाठी, आणि बंद कधी होणार? नाहीतर डिस्चार्जच्या यादीत ते औषध तसंच राहून जातं आणि माणूस पुढे कित्येक महिने ते घेत राहतो.

कॅथेटरला काही अमेरिकन डॉक्टरांनी एका टोकाचं बंधन म्हटलं आहे, आणि ते खरं आहे. माणूस त्या नळीने खाटेला जखडला जातो. शिवाय नळी आत असेल त्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू वाढण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्के असते. सोयीसाठी घातलेली नळी तापाचं कारण होते, ताप डेलिरियमचं, आणि डेलिरियम हात बांधण्याचं.

हात बांधण्याबद्दल मला स्वच्छ शब्दांत बोललं पाहिजे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात असं लिहिलं आहे की शारीरिक बंधन केवळ तातडीचा, समोर दिसणारा धोका टाळायला, दुसरा उपाय नसेल तेव्हाच आणि गरजेपुरताच वेळ वापरायचं. शिक्षा म्हणून नाही, आणि कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. हा नियम मानसोपचाराच्या संस्थांसाठी केलेला आहे. सोडियम उतरलं म्हणून आयसीयूत आलेल्या आजोबांना त्यांच्या मनगटांसाठी तेवढं संरक्षण का मिळू नये? १ ऑगस्ट २०२२ रोजी याच शहरातल्या एका खासगी रुग्णालयाला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. बाहेर पडायला वाट एकच होती. त्या दिवसानंतर आपल्याकडे अग्निशमनाच्या दाखल्यांची पुष्कळ चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जो रुग्ण धूर म्हणजे काय हे समजू शकत नाही, ज्याला दार कुठे ते आठवत नाही आणि ज्याचे हात कठड्याला बांधलेले आहेत, त्याला कोण सोडवणार, हा प्रश्न मी कोणत्याही बैठकीत ऐकला नाही.

दुखण्याचंही तसंच. २००० साली न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात दिसलं, की खुब्याचं हाड मोडलेल्यांपैकी ज्यांना तीव्र स्मृतिभ्रंश होता, त्यांना बाकीच्यांच्या एक तृतीयांश एवढंच मॉर्फिन मिळालं. मोडलेलं हाड तेच, वेदना तीच. सांगता येत नाही म्हणून औषध कमी. ज्याला दुखतंय असं म्हणता येत नाही तो भुवया आक्रसतो, पाय आखडतो, अंगाला हात लावला की झटकतो. घरचं माणूस हे क्षणात ओळखतं. आई अशी कधी झटकत नाही, तिला काहीतरी दुखतंय, एवढं सांगायला तिथे कोणी असावं लागतं.

आणि भाषा. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लाडी यांनी केलेला २०१३चा अभ्यास आपल्यासारख्यांना दिलासा देणारा आहे : दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली. जबलपूरचा मराठी माणूस जन्मभर दोन भाषांत वावरतो. पण आजार वाढला की पुष्कळांची नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची उरते. चाळीस वर्षं हिंदीतून शाळा शिकवलेल्या बाई वॉर्डात केवळ मराठीत बोलतात. "घशाला कोरड पडलीय", "लघवीला जायचंय", "अंगाखाली ओलं झालंय" हे त्या पुन्हा पुन्हा सांगत असतात. सिस्टर मनाने चांगली असते, पण तिला ते कळत नाही, आणि वहीत नोंद होते : 'असंबद्ध बडबड.' अशी एक नोंद वाचून मी खाटेपाशी गेले आहे आणि ते संपूर्ण सुसंगत, व्याकरणशुद्ध मराठी होतं. त्यांना पाणी हवं होतं.

आता मी मूळ मुद्द्याकडे येते. इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड नावाचे एक डॉक्टर होते. स्मृतिभ्रंश होता, तरी घरी बरे होते. २०१४च्या फेब्रुवारीत पायाच्या जखमांसाठी त्यांना रुग्णालयात ठेवलं. पाच आठवडे. साथीच्या भीतीने भेटीच्या वेळा कडक केलेल्या, घरच्यांना आत जाणं अवघड. बाहेर आले ते हाडांचा सापळा होऊन. चालणं गेलं, बोलणं गेलं. नोव्हेंबरात ते वारले. त्यांची मुलगी निकी जेरार्ड लेखिका आहे. तिने ज्युलिया जोन्स या मैत्रिणीबरोबर वडिलांच्या नावाने एक मोहीम सुरू केली. मागणी एकच : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाजवळ त्याचा काळजीवाहक राहू शकला पाहिजे, भेटीच्या वेळेचं बंधन न घालता. आज ब्रिटनमधल्या असंख्य रुग्णालयांनी ते मान्य केलं आहे.

श्रोतेहो, त्यांना ज्यासाठी मोहीम काढावी लागली, ते आपल्याकडे न मागता मिळतं. आपल्या मेडिकल कॉलेजात जा, व्हिक्टोरिया रुग्णालयात जा, कुठल्याही नर्सिंग होममध्ये जा. प्रत्येक खाटेखाली एक चटई आणि एक डबा असतो. भरती होताना पहिला प्रश्न असतो, "मरीज के साथ कौन है?" पण त्या माणसाला आपण करतो काय? पर्ची हातात देतो आणि औषधाच्या दुकानात पाठवतो. मग रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत. मग बिलाच्या खिडकीत, मग विम्याच्या टेबलावर सहीसाठी. तो धावत असतो आणि नेमक्या त्याच वेळी खाटेवरचा माणूस घाबरून उठू पाहतो. आणि जिथे भीती सगळ्यांत जास्त, त्या आयसीयूच्या दाराशी त्याला थांबवतात. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. संसर्गाचं कारण सांगतात. हात धुऊन, गाऊन चढवून एक माणूस खुर्चीवर बसला तर रुग्णाला बांधावं लागत नाही, झोपेचं इंजेक्शन लागत नाही, तो नळ्या उपटत नाही, हा हिशोब कोणी मांडत नाही.

याला पुरावा आहे का? आहे, आणि भक्कम आहे. येल विद्यापीठात शेरॉन इनूये यांनी सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. उपाय काय होते ते ऐका : दिवसातून काही वेळा नावाने हाक मारून वार-तारीख सांगणं, चष्मा आणि कानाचं यंत्र लावून देणं, पाणी पाजणं, धरून चालवणं, रात्री दिवे कमी करणं, झोपायच्या आधी कोमट दूध देणं आणि पाठ चोळणं. ही कामं बऱ्याच अंशी प्रशिक्षित स्वयंसेवक करत. नेहमीच्या पद्धतीत १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला, या पद्धतीत ९.९ टक्क्यांना. डेलिरियम टाळण्यात एवढं यश देणारी गोळी आजही माझ्या माहितीत नाही. आणि यातलं एकही काम असं नाही जे आपली सून, मुलगा किंवा नवरा करू शकत नाही. त्यांना कोणी तसं सांगितलेलं नसतं, इतकंच. "आजोबांना धरून दिवसातून तीनदा उभं करा" असं सांगायच्या ऐवजी "इनको उठने मत देना" असं सांगितलं जातं. निरोगी वृद्धांना फक्त दहा दिवस खाटेवर ठेवलं तर पायांचं जवळपास एक किलो मांस झडतं, हे मोजून सिद्ध झालेलं आहे. मग आमचे आजोबा स्ट्रेचरवरून आले तर त्यात नवल काय!

हे ऐकून कोणी असा अर्थ घेऊ नये की रुग्णालयात जाऊच नये. खुबा मोडला तर लवकरात लवकर शस्त्रक्रिया हवी, स्मृतिभ्रंश असला तरी हवी, कारण न करण्यातल्या यातना जास्त आहेत. तोंड वाकडं झालं, हात किंवा पाय लुळा पडला तर साडेचार तासांच्या आत पोहोचायला हवं. दम लागला, छातीत दुखलं, अचानक शुद्ध हरपली, तर एक क्षणही थांबू नका, १०८ला फोन करा. माझा आग्रह दुसऱ्या टोकाच्या भरतीबद्दल आहे : आजार शेवटच्या टप्प्यात आहे, गिळणं मंदावलं आहे, आणि "काहीतरी करा" म्हणून माणसाला नाकातून नळी घालायला आणलं जातं. नळीने आयुष्य वाढत नाही, घास श्वासनलिकेत जाणं थांबत नाही, हे अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या संस्थेने स्पष्टपणे सांगितलं आहे. हाताने, सावकाश, जेवढं घेतील तेवढं भरवणं हाच तिथला उपचार आहे. तो घरी होतो. ज्यांचं मन अजून शाबूत आहे त्यांनी आपली इच्छा आजच लिहून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये असं इच्छापत्र मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी, एवढ्यावर ते होतं.

सरकारकडे मागायचं ते थोडक्यात मागते. ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात २०१०-११ पासून जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वृद्ध विभाग ठरलेला आहे. तो चालता-बोलता हवा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, ही मोठीच गोष्ट झाली. पण त्यात पैसे मिळतात ते खाटेवर भरती झाल्यावर. घरी येणाऱ्या परिचारिकेला, अंग पुसायला आणि कूस बदलायला येणाऱ्या बाईला त्यात जागा नाही. अशा योजनेत माणसं रुग्णालयातच लोटली जाणार.

रुग्णालय चालवणारे माझे सहकारी इथे बसले आहेत. त्यांना विनंती आहे. केसपेपरवर एक रकाना वाढवा : विसरण्याचा त्रास आहे का, असल्यास केव्हापासून. ज्याच्या बाबतीत उत्तर 'हो' असेल त्याच्या घरच्या एका माणसाला चोवीस तासांचा पास द्या, आयसीयूचासुद्धा, आणि त्याला औषधं आणायला पाठवू नका, त्यासाठी दुसरा माणूस ठेवा. त्याने काय करायचं ते सिस्टरने पाच मिनिटं बसून सांगावं. याला नवं यंत्र लागत नाही.

आणि तुम्हा सर्वांना. तुमच्या घरात असा माणूस असेल तर एक कागद तयार ठेवा, मराठीत आणि हिंदीत. ब्रिटनमध्ये असा कागद २०१० पासून वापरात आहे. त्यावर लिहा : यांना कोणत्या नावाने हाक मारली तर ओ देतात, कोणती भाषा बोलतात, चष्मा-कानयंत्र-कवळी काय आहे, लघवी लागली तर कसं सुचवतात, दुखलं तर काय करतात, काय खातात, कशाने घाबरतात, कशाने शांत होतात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, कोणत्या सोसत नाहीत. फाइलच्या वर टाचून ठेवा आणि मोठ्या अक्षरांत लिहा की यांना स्मृतिभ्रंश आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ज्यांची मुलं दूर आहेत त्यांच्या खाटेशेजारी कोण बसणार, हा प्रश्न मात्र कागदाने सुटत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी मदतक्रमांक आहे, तो मार्गदर्शन करतो. रात्री हात धरायला तो येऊ शकत नाही. या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, धडधाकट आहेत, मराठी बोलणारे आहेत. आपल्या गावात मराठी बोलणारं एखादं म्हातारं माणूस भरती झालं तर आळीपाळीने चार-चार तास त्याच्याजवळ बसायला वीस माणसं हवी आहेत. पाणी कसं पाजायचं, कसं धरून उठवायचं, सिस्टरला काय सांगायचं, हे मी दोन रविवार येऊन शिकवीन. बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. जाण्यापूर्वी तिच्यात आपलं नाव आणि फोन नंबर लिहा.